आसाराम उभे होते ती जागा

“ताई, तुम्ही अण्णांना नेमकं कुठं उभं केलं होतं?”

शटर अर्धं वर गेलं होतं आणि सत्यशीला वाकलेलीच होती, एका हातात कुलूप, दुसऱ्यात फोन. नंबर परदेशातला. असले फोन ती घेत नाही, आज अंगठा चुकून हिरव्यावर गेला. पलीकडे एका मुलीचा आवाज आणि आवाजाच्या मागं वारा. नगरच्या दिल्लीगेटच्या धुळीचा नाही. ओला, मोकळ्या जागेतला.

“कोण अण्णा?”

“आसाराम. नेवाशाचे. मी त्यांची मुलगी, ज्ञानेश्वरी. फ्लेक्सच्या खाली कोपऱ्यात तुमचा नंबर होता. रेश्मा डिजिटल. फोटोचं काम तुम्हीच करता ना?”

“हो, पण शेठ अजून—”

“मी त्या तळ्यावर आलेय. कॅनडात. अण्णांच्या मागं होतं ना, ते तळं.”

ते तळं. ते कुठंतरी असणार हे सत्यशीलाला माहीत होतं, कुणीतरी फोटो काढला म्हणजे असणारच, पण तिथं बसमध्ये बसून जाता येतं, पायांनी चालता येतं आणि तिथून नगरला फोन लागतो, हे तिच्या कधी मनातच आलं नव्हतं. तिच्यासाठी तो सीन सात होता. दुकानातल्या कॉम्प्युटरवर ‘सीन’ नावाचा एक फोल्डर आहे. बन्सीभाऊंनी दुकान टाकलं तेव्हा एका वेबसाईटवरून ते सगळे फोटो उतरवून घेतले होते. वरचा इंग्रजी मथळा तिनं त्यांना मराठीत सांगितला होता: मरण्याआधी एकदा तरी पाहायलाच हवीत अशी जगातली निसर्गरम्य ठिकाणं. बन्सीभाऊ तंबाखू मळत होते. ‘आपलं गिऱ्हाईक कुठं जातंय मरायच्या आधी,’ ते म्हणाले. ‘आपुन मेल्यावर धाडू. घे समदे.’ तेव्हापासून जिल्ह्यातली माणसं सत्यशीलाच्या हातून फिरायला जातात. दहावा असो, वर्षश्राद्ध असो, घाटावर प्रवचन आणि चौकात फ्लेक्स, आणि फ्लेक्सवर माणसाच्या मागं सीन. नॉर्वेच्या खाडीवर आक्काबाई उभ्या आहेत, नऊवारीत, डोक्यावरून पदर, पाठीशी आभाळापर्यंत काळा कडा. बोलिव्हियाच्या मिठाच्या मैदानात श्रीगोंद्याच्या एका सोसायटीचे चेअरमन खुर्चीसकट बसले आहेत, कारण खुर्ची काढायची नाही असं पोरांनी बजावलं होतं. सूर्यभान नावाचे एक म्हातारे बायकोसाठी आले होते. ‘बर्फ नको बाई,’ म्हणाले. ‘साळूला गारठा सोसत न्हाई. गुडघं धरत्यात तिचं.’ धबधबा दाखवला. ‘पान्याला भ्यायची ती.’ वाळवंट दाखवलं. ‘हे तर आमच्या जामखेडला हाय की.’ शेवटी जपानमधला निळ्या फुलांचा डोंगर त्यांनी बराच वेळ पाहिला आणि विचारलं, ‘हितं बसायला जागा हाय का?’ तिनं दुसऱ्या एका फोटोतला बाक कापून आणला आणि फुलांत ठेवला. म्हातारे समाधानानं गेले. त्या दिवशी घरी, म्हणजे केडगावच्या खोलीवर, एकटीसाठी पिठलं टाकताना तिला वाटलं होतं की साळूबाई आता बसल्या असतील.

“ताई? आहात ना?”

“आहे. बोला.”

“इथं शेवटची बस निघायला थोडा वेळ राहिलाय. उजेडही जाईल आता. दुपारपासून काठानं फिरतेय मी. अण्णा उभे होते ती जागाच सापडत नाही.”

तिथं संध्याकाळ होती, कालची. सत्यशीला खुर्चीत बसली. कालच्या संध्याकाळमधून कुणीतरी आजच्या सकाळला फोन करतंय आणि आपण काय सांगू त्यावर कालचं ठरणार आहे, असं काहीतरी तिच्या डोक्यात आलं. कॉम्प्युटर चालू व्हायला नेहमीचाच वेळ घेत होता. रात्रभर बंद दुकानात शाईचा वास कोंडला होता, त्यानं तिच्या घशात रोजच्यासारखी खवखव सुरू केली.

“मला माहितीये हो, ते इथं नव्हते,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मी येडी नाही.”

“नाही नाही.”

“मला यायला जमलं नाही तेव्हा. व्हिसाचे कागद अडकले होते, बाहेर पडले असते तर परत घेतलं नसतं मला. दहाव्यालाही नाही. भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर चौकातल्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. अण्णांना मी शेवटचं बघितलं ते तेवढंच. अण्णा तळ्यावर उभे. बाकीच्यांनी त्यांना खाटेवर बघितलं, घाटावर बघितलं. मी तळ्यावर बघितलं. म्हणून म्हटलं, एकदा तिथं जाऊन उभं राहायचं. त्यांच्या शेजारी. बास, एवढंच. त्याशिवाय मला ते गेल्यासारखं वाटतच नाही.”

फाईल उघडली. आसाराम. पांढरा सदरा, टोपी, जाड मिशी, डोळे उन्हानं बारीक. प्रत्येक फाईलमध्ये एकावर एक पापुद्रे असतात, लेअर म्हणतात त्यांना, आणि प्रत्येकापुढं एक छोटा डोळा असतो. डोळा मिटला की तो पापुद्रा नाही. सत्यशीलानं अक्षरांचा डोळा मिटला. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ गेलं. फुलांचा हार गेला. दुःखी कुटुंबीय गेले, त्यात कोपऱ्यात ज्ञानेश्वरीचं नावही होतं. मग तिनं तळ्याचा डोळा मिटला आणि अगदी तळातला, मूळ फोटोचा डोळा उघडला. आसाराम नेवासा फाट्यावर उभे होते. मागं रसवंती, एक टेम्पो, त्याच्या आडून डोकावणारा एक माणूस, आणि आसारामांच्या हातात लाल बॅग.

“फोटो फाट्यावरचा आहे,” ती म्हणाली.

“मीच काढलेला. मी कॅनडाला निघाले त्या दिवशी. ट्रॅव्हल्सची वाट बघत होतो. बॅग खाली ठेवा म्हटलं तर ठेवेनात. म्हणे, धूळ लागंल, तिकडं इमानात काय म्हनतील.” ती हसली, आणि हसू वाऱ्यात कुठंतरी अडकलं. “बॅग कशाला काढली हो तुम्ही?”

“काढतोच आम्ही. हातातलं, मागचं, बाजूचं. सगळं काढतो.”

“फ्लेक्सवर त्यांची मूठ तशीच राहिलीये. भाऊ म्हणाला, अण्णा रागात दिसतात. म्हटलं रागात नाहीत, माझी बॅग धरलीये.”

सत्यशीलानं मुठीकडं पाहिलं. (हा डोळा तिला मिटायचा होता आणि तो मिटेना.) तिचा नवरा अजिनाथ गेला तेव्हा त्याच्या भावांनी फ्लेक्स जामखेडलाच केला होता. बायको नगरला फ्लेक्सच्याच दुकानात आहे, तिला विचारावं, असं कुणाला वाटलं नाही. किंवा वाटलं असेल आणि म्हणूनच विचारलं नसेल. लग्नातला फोटो. तिला कापून टाकलेलं. मागं कसलासा धबधबा, कुठल्या देशातला ते तिनं ओळखलं होतं, सीन बारा. पण कापणारा घाईत असावा. अजिनाथच्या खांद्यावर तिची चार बोटं राहून गेली होती, मेंदी लावलेली, एक अंगठी. बाकी ती नाहीच. खांद्याच्या मागं थेट पाणी कोसळत होतं. जामखेडच्या चौकात ती चार बोटं उन्हापावसात लटकत राहिली आणि येणारेजाणारे वर बघत राहिले. तिच्या जावेला तेवढं दिसलं. ‘बाई, तुजी बोटं ऱ्हायली की तितं,’ ती म्हणाली, आणि पदर तोंडाला लावून हसली की रडली ते कळलं नाही. सत्यशीला आजवर आळंदीच्या पुढं कुठं गेलेली नाही. तिच्यातलं जे काही परदेशी जाऊन आलं ते तेवढंच. कधीकधी भांडी घासताना ती त्या बोटांकडं बघते आणि त्यांना तिथलं पाणी आठवतंय का, असा एक—

“ताई, नीट ऐका,” ज्ञानेश्वरी म्हणाली. “मी फोनवर फ्लेक्सचा फोटो समोर धरून बघतेय. तो एक रुंद डोंगर आहे बघा, वरून चपटा, तव्यासारखा. तुमच्या फ्लेक्सवर तो उजवीकडं आहे. बरोबर?”

“बरोबर.”

“आणि टोकदार तीन डोंगर डावीकडं.”

“हो.”

“इथं तवा डावीकडं आहे. टोकदार उजवीकडं. मला वाटलं पलीकडच्या काठावरून काढला असेल. पण पलीकडं वाटच नाही, नुसते दगड. तरी गेले जरा पुढं, बूट भिजले. तिथून तर डोंगरच वेगळे दिसतात. एका गोऱ्या म्हाताऱ्याला विचारलं, फोटो दाखवला. तो बघत राहिला आणि म्हणाला, हे इथलंच आहे, पण हे इथं नाही. असंच म्हणाला. मग अण्णांकडं बोट करून विचारलं, हे कोण. म्हटलं, माझे वडील, इथं येऊन गेले.”

सत्यशीलाच्या हाताखाली माऊस होता. तिला पहिल्याच वाक्याला कळलं होतं. कळलं होतं म्हणजे आठवलं नव्हतं, आठवण्यासारखं त्यात काही नसतं, ती रोज करते. गावाकडच्या फोटोत ऊन एका बाजूनं असतं, सीनमध्ये दुसऱ्या बाजूनं. आसारामांच्या डाव्या गालावर सावली होती, तळ्यावर उजेड उलट्या बाजूनं येत होता. तसंच ठेवलं तर माणूस चिकटवलेला दिसतो. तेव्हा दोघांपैकी एकाला उलटं करावं लागतं. सुरुवातीला ती माणसाला उलटं करायची. मग एक बाई दुकानात येऊन ओरडली होती, ‘आमच्या आबांचा खिसा उजव्या अंगाला कसा गेला गं? आन् कपाळाची खोक हिकडं हुती का?’ माणूस उलटा केला तर घरचे ओळखतात. जग उलटं केलं तर कुणी ओळखत नाही. एक कळ दाबायची. तळं आरशात गेल्यासारखं फिरतं, तवा डावीकडून उजवीकडं येतो, ऊन आसारामांच्या गालाला जुळतं. किती जणांच्या मागं तिनं ही कळ दाबली असेल. आक्काबाईंचा कडा उलटा आहे. चेअरमनचं मीठ कुठूनही सारखंच, पण त्यावरचे ढग उलटे आहेत. साळूबाई ज्या फुलांत बसल्या त्या फुलांच्या डोंगराचा उतार जपानात दुसऱ्या बाजूला आहे. फोल्डरमधली ठिकाणं तिला पाठ होती, रात्री झोप लागत नसली की ती त्यातल्या एखाद्या काठानं चालायची, कुणाकुणाला भेटायची, आक्काबाई, झालं का जेवण. आणि ती ठिकाणं पृथ्वीवर नव्हतीच. म्हणजे तिनं माणसं जिथं पाठवली तिथं कुणालाच कधी जाता येणार नव्हतं. उद्या अगदी तिला कुणी विमानात बसवून नेलं तरी तिलासुद्धा तिथं चुकल्यासारखंच होणार होतं.

शटरमधून बन्सीभाऊ आत आले, कपाळावर बुक्का, हातात चहाची किटली. “सकाळच्या पारी कुनाशी लावलंय? त्या भावी नगरसेवकाचा बॅनर झाला का? पोरं येत्याल आता शिव्या घालत.”

तिनं हातानं थांबा म्हटलं. “नेवाशाच्या आहेत. आसारामांची मुलगी. परदेशातून.”

“सीन बदलून पायजे का काय? आता न्हाई म्हनावं. फ्लेक्स उतरला कवाच. कुनाच्या तरी गोठ्यावर आसंल.”

“ऐकलं मी,” फोनमधून ज्ञानेश्वरी म्हणाली. “आमच्याच कांद्याच्या चाळीवर आहे. अण्णांचा चेहरा आतल्या बाजूला करून टाकलाय म्हणाला भाऊ. ऊन लागू नये म्हणून.”

बन्सीभाऊंनी किटली टेबलावर ठेवली. एक कप भरून तिच्याजवळ सरकवला आणि मशीनकडं गेले.

काय सांगायचं. सांगता येण्यासारखं बरंच होतं. थोडं मागं जा, डावीकडं वळा, हां, तिथंच, तिथंच होते. मुलगी उभी राहिली असती. एक खोटं, इतक्या लांबून, कुणाला कळणार होतं. रोज शंभर खोटी करतोच. पण त्या मुलीनं गोऱ्या म्हाताऱ्याला सांगितलं होतं, माझे वडील इथं येऊन गेले. बूट भिजवले होते. हातात फोटो धरून ती एकेक डोंगर ताडून बघत होती, चुकीच्या जागी उभं केलं तर तिला दिसणारच होतं की तवा चुकीच्या बाजूला आहे. आणि खरं सांगितलं तर?

“ज्ञानेश्वरी,” सत्यशीला म्हणाली. तिला अगं म्हणावं की अहो, कळेना. “ते तळं मी उलटं केलंय.”

“उलटं म्हणजे?”

“आरशात दिसतं तसं. अण्णांच्या तोंडावरचं ऊन जुळत नव्हतं. अण्णांना फिरवता येत नाही, खिसा फिरतो. म्हणून तळं फिरवलं.”

पलीकडे वारा. कुणीतरी इंग्रजीत मुलाला हाका मारत होतं.

“म्हणजे ती जागाच नाही,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“तशी नाही.”

“दुपारपासून मी जी जागा शोधतेय ती नाहीच कुठं.”

मशीन सुरू झालं होतं, भावी नगरसेवकाचं कपाळ पट्टीपट्टीनं बाहेर येत होतं.

“तुम्ही आधी सांगायचं ना हो,” ज्ञानेश्वरी म्हणाली आणि तिचा आवाज एकदम नेवाशाचा झाला, “मी कशाला आले आस्ते मंग एवढ्या लांब? रजा काढली. त्या बसमधी उलट्या झाल्या मला. मी आपलं... मी अण्णांना सांगून आले, येते म्हनून.” आणि ती रडायला लागली, मोठ्यानं, परक्या मुलखात कुणी बघतंय का याची पर्वा न करता, आणि ते रडणं दिल्लीगेटच्या त्या चिंचोळ्या दुकानात, शाईच्या वासात, टेबलावर ठेवलेल्या फोनमधून येत राहिलं. बन्सीभाऊंनी मशीन बंद केलं.

सत्यशीला पडद्याकडं बघत बसली. आसाराम, तळं. तळं फिरव. तळं सरळ कर. तिनं कळ दाबली, तवा डावीकडं गेला आणि आसारामांच्या तोंडावरचं ऊन खोटं झालं. परत दाबली. ऊन खरं झालं, तळं खोटं झालं. परत. परत. या दोहोंच्या मध्ये काहीतरी असेल म्हणून ती दाबत राहिली. मध्ये काही नव्हतं. आरसा. आरशात दिसतं तसं, असं आपणच म्हणालो. तिथं आरसा नाही, तळ्यात डोंगर उलटे दिसतात पण ते खालीवर, डावंउजवं फिरत नाही. आरसा नाही, पण—

“ज्ञानेश्वरी, उजेड आहे का अजून?”

“आहे थोडा.”

“व्हिडिओ कॉल लावा मला. आत्ता.”

“कशाला?”

“लावा ना.”

लागला. आधी नुसता आभाळाचा तुकडा, मग बोटं, मग एक चेहरा, तिशीचा, नाक लाल, डोक्याला मफलर. जाड भुवया आसारामांच्या. त्या दोघींनी एकमेकींना पहिल्यांदा पाहिलं आणि दोघींनीही थोडं अवघडून नजर वळवली.

“आता तळ्याकडं पाठ करा,” सत्यशीला म्हणाली. “पूर्ण पाठ. फोन असा समोर धरा, हात लांब करून. जरा वर. आता माझ्याकडं बघू नका. पडद्यावर कोपऱ्यात तुम्ही स्वतः दिसताय ना, लहान चौकटीत? त्यावर बोट ठेवा, ती मोठी होईल. मी लहान होईन. झालं?”

“झालं.”

“त्यात फक्त स्वतःला बघा. समोरचा कॅमेरा आपल्याला आरशातलं दाखवतो. भांग बघा, उलटा दिसेल.”

“हो.”

“आता मागं बघा. वळू नका. तिथंच, फोनमध्ये बघा. तवा कुठं आहे?”

“उजवीकडं,” ज्ञानेश्वरी म्हणाली.

“फोटो काढायचा नाही,” सत्यशीला म्हणाली. “काढला की परत सरळ होतो. नुसतं बघायचं. थोडं मागं सरका. अजून. टोकदार तिन्ही तुमच्या डोक्याच्या डावीकडं यायला हवेत.”

ती सरकत राहिली, पाठीनं, अंदाजानं पाय टाकत, दगडांचा आवाज करत. सत्यशीलाच्या पडद्यावर तवा डावीकडंच होता. तिला डोंगर जसे आहेत तसेच दिसत होते, त्या मुलीला काय दिसतंय ते तिला दिसणार नव्हतं. तिला फक्त चेहरा दिसत होता आणि त्या चेहऱ्यावरचे डोळे एकेक टोक मोजत, जुळवत, उजवीकडं सरकत होते.

मग डोळे थांबले. पाय थांबले.

कुठूनतरी बसचा हॉर्न आला. ज्ञानेश्वरीनं मान वळवली नाही. तिनं नाक पुसलं, मफलर सारखा केला, आणि मोकळ्या हाताची बोटं हळूच मिटून घेतली. मग ती थोडी बाजूला झाली, शेजारी एक माणूस उभा राहू शकेल एवढी. सत्यशीलाच्या पडद्यावर तिथं नुसतं पाणी होतं.